नव्वदच्या दशकातले आल्टरनेटिव्ह रॉक अल्बम : सलग ऐकावेत असे कोणते?

औंधकर

नमस्कार मंडळी.

माझी भाची फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात शिकते आणि हौसेने गिटार वाजवते. निर्वाणा, पर्ल जॅम, रेडिओहेड ही नावे तिला चांगली ठाऊक आहेत आणि प्रत्येकाची दोन-चार गाणी तोंडपाठही आहेत. परंतु ही सगळी गाणी तिच्यापर्यंत सुटी सुटी पोहोचली आहेत. एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, ठरलेल्या क्रमाने, मधले काहीही न गाळता तिने कधी ऐकलेला नाही. परवा तिने विचारले, "मामा, सुरुवात कुठून करू?" या प्रश्नाचे उत्तर एकट्याने देण्यापेक्षा येथल्या जाणकारांशी बोलून द्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

अल्बम १९९० ते १९९९ या काळातला असावा, आणि त्यातल्या गाण्यांचा क्रम बदलला किंवा एखादे गाणे काढून टाकले तर त्याचे नुकसान व्हावे, एवढीच अट आहे. केवळ नावे देऊ नयेत. तो का ऐकावा आणि त्यात नेमके काय ऐकावे, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. माझे मत आर. ई. एम. या बँडच्या ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' या अल्बमला आहे. त्या वर्षी सगळ्यांचे कान निर्वाणासारख्या सिॲटलच्या बँडांच्या गिटारींकडे लागलेले असताना जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावच्या या चौघांनी म्हातारपण, मरण आणि आठवणी यांवरचा एक संथ अल्बम काढला. लेड झेपलिनमध्ये बेस वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सने यातल्या चार गाण्यांसाठी तंतुवाद्यांची रचना केली आहे. 'एव्हरीबडी हर्ट्स' हे गाणे सर्वांनी ऐकलेले असते. मात्र त्याचा मोठा वाटा बँडचा ड्रमवादक बिल बेरी याने रचला आणि त्याच गाण्यात बराच वेळ ठेका धरण्याचे काम त्याने एका साध्या ड्रम मशीनवर सोपवले, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. खरे ड्रम्स फार उशिरा येतात, आणि ते आले की अंगावर काटा येतो.

माझा खरा मुद्दा त्याच्या पुढच्या गाण्याबद्दल आहे. 'न्यू ऑर्लिन्स इन्स्ट्रुमेंटल नं. १' हा दोन-सव्वादोन मिनिटांचा, शब्द नसलेला तुकडा कोणीही आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घालणार नाही. परंतु 'एव्हरीबडी हर्ट्स'नंतर लगेच 'स्वीटनेस फॉलोज' सुरू झाले असते, तर दोन्ही गाण्यांचे वजन कमी झाले असते. मधल्या त्या तुकड्यामुळे ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते आणि मग आई-वडिलांच्या मृत्यूबद्दलचे ते गाणे सुरू होते. या बँडने अल्बमच्या दोन बाजूंना 'ड्राइव्ह' आणि 'राइड' अशी नावेही दिली होती. म्हणजे बाजू उलटण्याचा क्षणसुद्धा त्यांनी हिशेबात धरलेला होता. सहावे गाणे संपले की पहिली बाजू संपते. तिथे थोडे थांबावे आणि मगच पुढे जावे, असे मी भाचीला सांगणार आहे.

आता तुमची मते येऊ द्यात.

सहकारनगर

धागा उत्तम आहे. पण निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' वगळून ही चर्चा सुरू करणे मला पटत नाही. २४ सप्टेंबर १९९१ रोजी हा अल्बम आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या स्थानावरून खाली उतरवले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी असल्या बँडसाठी दारे उघडली. आज आपण जी नावे सहजपणे घेतो, त्यांतली कित्येक त्या दारातून आत आलेली आहेत.

अल्बम म्हणून त्याची बाजू मांडायची तर मी शेवटच्या 'समथिंग इन द वे'कडे बोट दाखवीन. स्टुडिओत बँडसोबत हे गाणे काही केल्या जमत नव्हते. अखेर गायक कर्ट कोबेन नियंत्रण कक्षातल्या कोचावर आडवा झाला आणि गिटार वाजवत जवळजवळ पुटपुटल्यासारखा गायला. निर्माता बुच व्हिगने वातानुकूलन यंत्र आणि टेलिफोन बंद केले आणि ते तसेच मुद्रित केले. बेस, ड्रम्स आणि चेलो नंतर त्यावर चढवले गेले. आधीची अकरा गाणी ओरडून, आदळून झाल्यावर हा आवाज येतो. ते गाणे एकटे ऐकले तर ते केवळ एक उदास गाणे वाटते; अल्बमच्या शेवटी ऐकले की त्याचा अर्थ लागतो.

ध्वनिवेध

मी कर्वेनगरात एका छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्यामुळे माझा कान थोडा वेगळ्या गोष्टींकडे जातो. सहकारनगर यांनी 'समथिंग इन द वे'बद्दल लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. मात्र 'नेव्हरमाइंड'च्या उरलेल्या भागाचा तजेला बराचसा मिक्सिंगमधला, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र बसवण्याच्या कामातला, आहे. ते काम अँडी वॉलेस याने केले. ड्रम्सना दिलेला तो मोठा, चकचकीत आवाज त्याचा आहे. कोबेनला आपला आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक ठेवणे मान्य नव्हते. जॉन लेननही तसेच करत असे, हे सांगून व्हिगने त्याचे मन वळवले. अल्बम खपल्यानंतर त्याचा हा गुळगुळीतपणा खुद्द कोबेनला आवडेनासा झाला होता.

म्हणून औंधकरांच्या भाचीने 'नेव्हरमाइंड' ऐकल्यावर त्याच आठवड्यात निर्वाणाचाच 'इन युटेरो' ऐकावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये आलेला हा अल्बम स्टीव्ह अल्बिनीने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत सुमारे दोन आठवड्यांत मुद्रित केला. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे. विक्रीवरचे मानधन घेणे त्याला गैर वाटे. गवंडी किंवा नळजोडणीवाला जसे झालेल्या कामाचे पैसे घेतो, तसे एकरकमी पैसे तो घेई. त्याची कामाची रीत ऐकण्यातून कळते. ड्रम्सजवळच्या माइकइतकेच महत्त्व तो खोलीत दूर ठेवलेल्या माइकना देई, त्यामुळे ड्रमवर काठी पडली की त्या खोलीच्या भिंतीही ऐकू येतात. 'सेंटलेस अप्रेंटिस'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. ड्रमवादक डेव्ह ग्रोल एकटाच वाजवतो आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर काही फुटांवर उभे आहात, असे वाटते. गायकाचा आवाज वाद्यांच्या वर आणून ठेवलेला नाही, तो त्यांच्यामध्ये अडकलेला आहे.

कंपनीला हे पसंत पडले नाही आणि बँडलाही शंका आली. मग 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी स्कॉट लिटने पुन्हा मिक्स केली. हा स्कॉट लिट म्हणजे औंधकरांनी सुचवलेल्या 'ऑटोमॅटिक'चाच सहनिर्माता. तेव्हा एकाच अल्बममध्ये दोन वेगळे हात ऐकण्याची ही दुर्मीळ संधी आहे. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि त्याच्या आधीचे 'सेंटलेस अप्रेंटिस' लागोपाठ ऐकले की कोणते गाणे कोणाच्या हाताखालून गेले, हे सांगावे लागत नाही.

औंधकर

ध्वनिवेध, मनःपूर्वक धन्यवाद. हे दोन अल्बम जोडीनेच ऐकायला देईन. गिटार शिकणाऱ्या मुलीला मुद्रणाचे हे अंग कोणी सांगत नाही, आणि खरे तर गिटारचा आवाज तिथेच घडतो.

ठेका

मी तबल्याचा विद्यार्थी असल्यामुळे माझी शिफारस साउंडगार्डनच्या मार्च १९९४ मधल्या 'सुपरअननोन'ची आहे. रॉक संगीत म्हणजे चार मात्रांचा ठोकळा, असा आपल्याकडच्या अनेक शास्त्रीय श्रोत्यांचा समज असतो. सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्रभर बसलेली माणसेही हे बोलतात, म्हणून हा प्रतिसाद जरा विस्ताराने लिहितो.

'स्पूनमॅन' हे गाणे लावा आणि मुख्य रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळीवर, हाताने टाळी देत मोजा. ती सात मात्रांची आहे. सवयीमुळे कान आठव्या मात्रेची वाट पाहतो, आणि तिच्या जागी थेट पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा येऊन आदळते. रूपकही सात मात्रांचाच. परंतु रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (टाळीऐवजी मोकळा हात) असल्यामुळे आवर्तनाची सुरुवात हलकी होते. येथे सुरुवातच सर्वांत जड आहे. त्यामुळे त्याच सात मात्रा आपल्याकडे डोलतात आणि तिकडे धक्का देतात. या गाण्यात सिॲटलच्या रस्त्यांवर चमचे वाजवणाऱ्या आर्टिस नावाच्या कलावंताचे खरेखुरे चमचावादन आहे. ते नुसते ऐकण्यासाठी एक फेरी वेगळी द्यावी. 'फेल ऑन ब्लॅक डेज'चे आवर्तन सहा मात्रांचे आहे, पण दादऱ्याचा झोका त्यात औषधालाही सापडत नाही. 'माय वेव्ह'मध्ये पाच मात्रा मोजता येतील.

विशेष म्हणजे गिटारवादक किम थायिल याने सांगितले आहे की या मात्रा ठरवून बांधलेल्या नसत. गाणे तयार झाल्यावर त्या मोजल्या जात. मॅट कॅमेरॉनचे ड्रम्स ऐकले तर हे पटते. विषम आवर्तन असूनही कोठेही गणित ऐकू येत नाही. जाता जाता, थायिलचे आईवडील केरळचे. ध्वनीवर त्याचा थेट परिणाम झाला असे मी म्हणणार नाही, पण ही माहिती पुण्यात बऱ्याच जणांना नसते.

क्रमाबद्दल बोलायचे तर पंधरा गाण्यांचा, सुमारे ७० मिनिटांचा हा अल्बम एका बैठकीत जड जातो. 'ब्लॅक होल सन' आणि 'स्पूनमॅन' मध्यावर लागोपाठ येतात, तेथे विश्रांती घेतली तरी चालेल.

एरंडवणे

आतापर्यंतच्या प्रतिसादांत एकाही स्त्रीचे नाव आलेले नाही, आणि धागा एका मुलीसाठी काढलेला आहे, म्हणून लिहीत आहे.

ध्वनिवेध यांनी पॅकिडर्म स्टुडिओचा उल्लेख केला. निर्वाणा तेथे येण्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९९२ मध्ये, त्याच स्टुडिओत त्याच अल्बिनीने पी. जे. हार्वी हिचा 'रिड ऑफ मी' मुद्रित केला. तिघांचा बँड, फार थोडी वाद्ये. पहिले, अल्बमच्याच नावाचे गाणे इतक्या हळू आवाजात सुरू होते की माणूस आवाज वाढवतो. आणि मग बँड सगळ्या ताकदीने येतो. हे मुद्दाम केलेले आहे. मोबाइलच्या यादीत मागच्या-पुढच्या गाण्यांचा आवाज सारखा करून देणारी सोय चालू असेल तर हा सगळा परिणाम हातचा जातो, म्हणून ती बंद करून ऐकावे. हार्वी या अल्बममध्ये आपला आवाज सुंदर ठेवण्याची जराही फिकीर करत नाही. गाणे शिकणाऱ्या मुलींना आपल्याकडे "आवाज गोड लाव" असे इतक्या वेळा सांगितले जाते की, गोड नसलेला आवाजही किती नेमका असू शकतो हे त्यांनी एकदा तरी ऐकावे, असे मला फार मनापासून वाटते.

दुसरी शिफारस लिझ फेअरच्या १९९३ मधल्या 'एक्झाइल इन गायव्हिल'ची. अठरा गाणी आहेत आणि रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या अठरा गाण्यांच्या अल्बमला गाण्यागणिक दिलेले उत्तर म्हणून तिने तो बांधला, असे ती सांगत आली आहे. औंधकरांची क्रमाची अट याहून काटेकोरपणे कोण पाळणार? यातली भाषा काही ठिकाणी उघडीवाघडी आहे, हे मामांनी आधी ऐकून घ्यावे.

आणि तिसरे नाव क्रॅनबेरीज या बँडचे. 'झॉम्बी' माहीत नसलेले कोणी नसेल. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन येथे झालेल्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुले दगावली. त्यावर बँडची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डनने ते गाणे लिहिले. 'नो नीड टू आर्ग्यू' या १९९४ च्या अल्बममध्ये ते चौथे आहे. त्याच्या आसपासची गाणी घरगुती, हळवी, कुटुंबाबद्दलची आहेत, आणि त्यांच्यामध्ये ते फुटते. ते एकटे ऐकणाऱ्यांना तिची ही योजना कळत नाही.

सहकारनगर

एरंडवणे ताई, क्रॅनबेरीजबद्दल सहमत. लिझ फेअर मी ऐकलेली नाही, या रविवारी ऐकेन. 'रिड ऑफ मी' मात्र पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फार कोरडा वाटेल, अशी भीती आहे. त्याऐवजी हार्वीचाच १९९५ मधला 'टू ब्रिंग यू माय लव्ह' द्यावा काय? त्यात ऑर्गन आहे, तंतुवाद्ये आहेत, आवाजाला अवकाश आहे.

एरंडवणे

तो अल्बम थोर आहे, यात वाद नाही. पण तो सहज आवडतो, आणि जे सहज आवडते ते मुलगी स्वतः शोधून काढेल. शिफारस अवघड गोष्टीची करावी.

जुनाबाजार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. जुन्या हिंदी तबकड्यांच्या ढिगात अधूनमधून या काळातल्या इंग्रजी कॅसेट अजूनही निघतात. कॅसेटचा एक फायदा तरुणांना सांगण्यासारखा आहे. तिच्यात गाणे ओलांडणे त्रासाचे असे. फीत पुढे पळवायची, अंदाजाने थांबवायची, चुकली तर मागे आणायची, आणि पट्टा अडकला तर पेन्सिल घालून गुंडाळत बसायचे. त्यामुळे नावडते गाणेही आपण ऐकत असू, आणि दहाव्या फेरीत ते आवडू लागे. औंधकरांच्या 'न्यू ऑर्लिन्स'सारख्या तुकड्यांवर आमचे प्रेम असेच बसले.

माझी शिफारस माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या नोव्हेंबर १९९१ मधल्या 'लव्हलेस'ची. त्यांचा गिटारवादक केविन शिल्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक स्वर आपल्या जागी स्थिर न राहता सतत किंचित वर-खाली सरकत राहतो. आपल्या कानाला ते मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) जवळचे वाटेल, पण येथे एकच स्वर नव्हे तर सगळा स्वरसमूह एकदम सरकतो. गायकांचा आवाज वाद्यांत इतका मिसळलेला आहे की शब्द लागत नाहीत, आणि ते लागावेत अशी अपेक्षाही नाही. गाण्यांच्या मध्ये छोटे जोड-तुकडे आहेत; ते कापले की अल्बम फाटतो.

एक विनंती. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, नुसती खरखर ऐकू येईल. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चांगल्या स्थितीतले जुने ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आजही मिळतात; विकत घेण्यापूर्वी दुकानात लावून ऐकून घ्यावेत.

मुळाकाठ

जेफ बक्लीच्या 'ग्रेस'चे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. ऑगस्ट १९९४. दहा गाणी, त्यांतली तीन दुसऱ्यांची. मिक्सिंग पुन्हा अँडी वॉलेसचे, आणि निर्मितीतही त्याचाच हात.

आपल्या श्रोत्यांसाठी हा अल्बम जवळचा ठरावा, याचे कारण नुसरत फतेह अली खान. बक्ली त्यांचा निस्सीम भक्त होता. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'शिनेय' या छोट्या कॅफेत त्याने केलेल्या कार्यक्रमांचे मुद्रण पुढे विस्ताराने प्रसिद्ध झाले. त्यात तो नुसरत म्हणजे आपला एल्व्हिस (प्रेस्ली) असल्याचे सांगतो आणि एकट्या गिटारवर त्यांची 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही कव्वाली गातो. उच्चार अडखळतात, पण सरगमेच्या जागी त्याचा गळा ज्या निष्ठेने धावतो ते ऐकून त्याने किती रियाज केला असेल याची कल्पना येते. 'ग्रेस'च्या पहिल्या, 'मोजो पिन' या गाण्याच्या सुरुवातीचा शब्दहीन आलाप ऐका. तो कोठून आला, हे सवाईला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

क्रमाची कसोटीही येथे लागते. आठवे 'कॉर्पस क्रिस्टी कॅरोल' अत्यंत उंच, नाजूक आवाजातले आहे. आणि त्याला लागून 'इटर्नल लाइफ' ही अल्बममधली सर्वांत खरखरीत गिटार येते. एकाच गळ्यातून. १९९७ च्या मे महिन्यात बक्ली मेम्फिस येथे नदीत बुडून गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नुसरतही गेले.

ठेका

मुळाकाठ, 'ग्रेस'च्या शेवटच्या 'ड्रीम ब्रदर'मध्ये तबला आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. मिशा मसूद यांनी वाजवला आहे. तो पुढे येऊन मिरवत नाही, गिटारच्या खाली चालत राहतो. आणि म्हणूनच मला आवडतो. परदेशी अल्बममध्ये तबला बहुतेक वेळा सजावटीसारखा लावलेला असतो.

सहकारनगर

नुसरतांचा विषय निघालाच आहे तर पर्ल जॅमचा एडी व्हेडर त्यांच्याबरोबर 'डेड मॅन वॉकिंग' या १९९५ मधल्या चित्रपटासाठी गायला आहे, हेही सांगतो. ते अल्बमच्या अटीत बसत नाही. अटीत बसणारे एक आनंदाचे नाव म्हणजे कॉर्नरशॉपचा १९९७ मधला 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. 'ब्रिमफुल ऑफ आशा' ही आशा भोसले आणि ४५ आरपीएमच्या तबकड्या यांना वाहिलेली दाद आहे. १९९८ मध्ये नॉर्मन कुकने केलेली तिची जलद आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, पण अल्बमवर मूळची, निवांत आवृत्ती आहे आणि तीच ऐकावी. शेवटी बीटल्सचे 'नॉर्वेजियन वुड' पंजाबीत गायले आहे.

जुनाबाजार

हा अल्बम मला प्रिय आहे, पण औंधकरांच्या अटीत तो बसत नाही. त्यातली गाणी कोणत्याही क्रमाने ऐकली तरी काही बिघडत नाही.

औंधकर

जुनाबाजार यांचे म्हणणे मला मान्य आहे. आशाताईंसाठी तो स्वतंत्रपणे ऐकू.

रेडिओहेडवर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही आणि भाचीचा तो लाडका बँड आहे. 'द बेंड्स' की 'ओके कॉम्प्युटर'?

मुळाकाठ

गाण्यांसाठी 'द बेंड्स', अल्बमसाठी 'ओके कॉम्प्युटर'.

ध्वनिवेध

मुळाकाठ यांनी एका ओळीत निकाल दिला आहे आणि तो बरोबर आहे. मी फक्त कारणे जोडतो. १९९७ मध्ये आलेल्या या अल्बमचा मोठा भाग बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात मुद्रित झाला. निर्माता नाइजेल गॉडरिच आणि बँडने वाड्याच्या खोल्या वाद्यांसारख्या वापरल्या. 'एक्झिट म्युझिक' सुरू होते तेव्हा गायक टॉम यॉर्कच्या आवाजाभोवती जो घुमारा आहे, तो वाड्याच्या दगडी जिन्याचा आहे. 'लेट डाउन' पहाटे तीन वाजता वाड्यातल्या नृत्यदालनात मुद्रित झाले. त्यातली गिटार बाकी वाद्यांपेक्षा वेगळ्या मात्रासंख्येत फिरते, ती ठेका यांनी मोजून पाहावी.

औंधकरांनी सुरुवातीला मांडलेला मुद्दा येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. बरोबर मध्यावर, सातव्या क्रमांकावर, 'फिटर हॅपियर' आहे. मॅकिंटॉश संगणकाचा कृत्रिम आवाज सुखी, निरोगी, कार्यक्षम माणसाने काय काय करावे याची यादी वाचत जातो. ते गाणे नाही, ते कोणाच्याही आवडीचे नाही, आणि अल्बमचा सगळा तोल त्याच्यावर पेललेला आहे. त्याच्या आधी 'कर्मा पोलीस', नंतर 'इलेक्शनिअरिंग'ची आक्रमक गिटार. ते गाळले तर अल्बम दोन मिनिटांनी छोटा होतो आणि त्यातला माणूस हरवतो.

सहकारनगर

ॲलिस इन चेन्सचे काय करायचे? 'डर्ट' हा १९९२ चा अल्बम माझ्या मते या सगळ्या दशकातला सर्वांत प्रामाणिक अल्बम आहे. लेन स्टेली आणि जेरी कॅन्ट्रेल यांचे दोन आवाज एकमेकांना इतके घट्ट चिकटून चालतात की पुष्कळदा तिसराच आवाज ऐकू येतो. परंतु त्याच्या उत्तरार्धातली गाणी हेरॉइनच्या व्यसनाबद्दल आहेत आणि स्टेली २००२ मध्ये त्याच व्यसनाने गेला. विशीच्या आतल्या मुलीला तो सुचवावा की नाही, याबद्दल माझे मन दोलायमान आहे.

एरंडवणे

अवश्य सुचवावा, आणि मामांनी सोबत बसून ऐकावा. त्या गाण्यांत व्यसनाचे कौतुक कोठेही नाही. मात्र त्याआधी त्यांचा जानेवारी १९९४ मधला 'जार ऑफ फ्लाइज' द्यावा. सात गाण्यांचा, अर्ध्या तासाचा तो छोटा संच आहे. त्यात ध्वनिक गिटार आणि तंतुवाद्ये आहेत, आणि ते दोन आवाज तेथे अधिक मोकळे ऐकू येतात. अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलेला तो पहिला ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) होता.

औंधकर

'जार ऑफ फ्लाइज' नियमात बसवून घेतो. 'डर्ट' सोबत बसून ऐकू. सूचना योग्य आहे.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मी असे ठरवले आहे. पहिला 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल', कारण त्याचा क्रम समजायला सोपा आहे. मग 'नेव्हरमाइंड' आणि 'इन युटेरो' जोडीने, त्यांच्या पाठोपाठ 'रिड ऑफ मी', म्हणजे पॅकिडर्मची खोली कानात ताजी असेल. 'ओके कॉम्प्युटर' तिला अर्धा माहीत आहे, तो आता पुरा ऐकेल. 'सुपरअननोन' दोन बैठकांत. 'ग्रेस' तिच्या आजीसोबत, कारण माझ्या आईला नुसरत आवडतात. 'लव्हलेस' चांगल्या स्पीकरची सोय झाल्यावर.

ध्वनिवेध यांना एक शंका विचारतो. स्ट्रीमिंगवर यातल्या बहुतेक अल्बमच्या तीन-तीन आवृत्त्या दिसतात. कोणती लावावी?

ध्वनिवेध

सामान्य नियम असा की वर्धापनाच्या आवृत्त्यांत शेवटी कच्ची मुद्रणे आणि कार्यक्रमांतली गाणी जोडलेली असतात. मूळ शेवटचे गाणे कोणते ते आधी पाहून तेथे थांबावे. 'ऑटोमॅटिक' हा 'फाइंड द रिव्हर'वर संपतो, त्यापुढे काही नाही. 'नेव्हरमाइंड'च्या बहुतेक प्रतींत 'समथिंग इन द वे'नंतर सुमारे दहा मिनिटांची शांतता आणि मग एक दडवलेले गाणे आहे. ते पहिल्या फेरीत नसले तरी चालेल. रीमास्टर केलेल्या, म्हणजे जुन्या मुद्रणावर नव्याने संस्कार केलेल्या, आवृत्त्यांत आवाजाची पातळी एकसारखी वर ओढलेली असते, त्यामुळे हळू आणि मोठ्या भागांतले अंतर कमी होते. नव्वदच्या अखेरीस हा रोग मूळ अल्बमनाही जडला. रेड हॉट चिली पेपर्सचा १९९९ मधला 'कॅलिफोर्निकेशन' गाणी म्हणून चांगला असूनही त्यातला आवाज जागोजागी फाटतो. तो हेडफोनवर सलग ऐकणे मला कष्टाचे जाते.

आवृत्तीमुळे खरा फरक पडतो तो पर्ल जॅमच्या 'टेन'ला, आणि तुमच्या यादीत तो नाही, हे मला खटकते. ऑगस्ट १९९१ मधल्या मूळ मिक्समध्ये आवाजाला भरपूर घुमारा दिलेला आहे. २००९ मध्ये ब्रेंडन ओ'ब्रायनने तो सगळा नव्याने मिक्स केला; त्यात गिटारी कोरड्या, समोर आणि सुट्या ऐकू येतात. गिटार शिकणाऱ्या मुलीला दुसरी आवृत्ती उपयोगाची आहे, तिला दोन्ही गिटारवादकांची बोटे वेगवेगळी कळतील. पण पहिल्यांदा १९९१ चीच लावा. 'वन्स' सुरू होण्यापूर्वी वाद्यांचा एक अस्पष्ट तुकडा ऐकू येतो, आणि शेवटच्या 'रिलीज'नंतर तोच पुन्हा येतो.

औंधकर

'टेन' घेतला. 'ऑटोमॅटिक'नंतर लगेच, निर्वाणाच्या आधी.